डाव्या चाकातली फट

आई त्या संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या, हात धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि मग म्हणाली, "आज सकाळी ब्रेक जरा दमले होते."

मी पुस्तकातून मान वर काढली. "दमले म्हणजे?"

"म्हणजे पाय दाबला की पेडल खाली जायचं आणि गाडी आपली चाललीच आहे. मग हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, कठड्याला बाजू घासली आणि थांबली एकदाची. दारावर ओरखडा आलाय तेवढा. साखर संपली का गं?"

"आणि मग?"

"मग काय, वीस मिनिटं थांबले. ब्रेक शुद्धीवर आले. गेले कामावर."

साखरेचा डबा मीच काढून दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई नेहमीच्या हातात कप धरत नव्हती. उजवं मनगट तिने पदराखाली लपवलं होतं. कठड्याला गाडी घासली तेव्हा स्टिअरिंगचा हिसका बसून मुरगळलं होतं.

आमचं घर डोंगरावर आहे आणि आई खालच्या गावातल्या दवाखान्यात औषधं देते. मधे चौदा वळणांचा रस्ता. वळणांना नंबर आहेत, पिवळ्या पाट्यांवर लिहिलेले, आणि पहिल्या पाटीपासून चौदाव्या पाटीपर्यंत उंचीतला फरक सहाशे वीस मीटर. हा आकडा मी नकाशावरून काढला होता, त्याच रात्री. आईची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दोन दारांची, गोलमटोल, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. मामा तिला 'डबी' म्हणतो. तिची चाकं दहा इंची. रस्त्यावर दुसऱ्या गाड्यांशेजारी उभी केली की ती मोठ्यांच्या पंगतीत पाटावर बसवलेल्या पोरासारखी दिसते. बाबा नोकरीनिमित्त दूर असतात आणि त्यांचा या गाडीशी संबंध मागच्या सीटवर पाय दुमडून बसण्यापुरता. गाडी आईची. ती विकायचा विषय आमच्याकडे कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी मामाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पुढची चाकं काढायला लावली. मामाचं लेथ मशीनचं काम. पण आईची गाडी त्याच्याखेरीज कुणी उघडत नाही. ब्रेकच्या ड्रमवर निळसर-जांभळी झाक आली होती. लोखंडावर अशी झाक यायला किती तापावं लागतं ते मला माहीत होतं. तीनशे अंशांच्या आसपास. मी ते मोठ्याने म्हटलं.

"तू आकडा सांगितलास की मला जास्त भीती वाटते," मामा म्हणाला. "नुसतं 'खूप तापलंय' म्हण की."

त्या दिवसापासून मला भीती बसली. सकाळी पावणेसातला डबी सुरू झाली की मी हातातलं काम सोडायची. मी मनात वळणं मोजत बसायची. साडेसातला दवाखान्यातून तिचा फोन यायचा, म्हणजे मीच तसं ठरवून घेतलं होतं, आणि फोन दोन मिनिटं उशिरा आला तरी मी दाराशी जाऊन उभी राहायची. मामाने ड्रमला नवे लायनर घातले होते, पण ड्रम ते ड्रम. बंद डब्यात उष्णता कोंडते. उघडी डिस्क लावली तर वारा लागेल. मी भौतिकशास्त्रात एम.एससी. करून नुकतीच घरी परतले होते आणि एवढं तरी मला कळत होतं.

"लाव डिस्क," आई म्हणाली. "फक्त चाकांना हात लावायचा नाही."

"आई, बारा इंची चाकं लावली तर सगळंच सोपं होईल. मोठी डिस्क बसेल, मोठा कॅलिपर—"

"आणि गाडी टाचा उंचावून चालल्यासारखी दिसेल. चाकं बदललीस तर ती माझी गाडी नाही. मग तूच चालव."

म्हणजे अट ठरली. दहा इंचांच्या आत जे मावेल ते.

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलायचा आणि चष्मा शोधायचा. त्याने आमच्यासमोर दोन खोकी ठेवली. पहिल्यात एकशे नव्वद मिलिमीटरची डिस्क आणि ओतीव लोखंडाचा, दोन पिस्टनचा कॅलिपर. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा तो जबडा. दुसऱ्या खोक्यात दोनशे तीन मिलिमीटरची डिस्क आणि ॲल्युमिनियमचा, चार पिस्टनचा कॅलिपर. दुसरा दिसायलाही देखणा होता.

"हा दहा इंचीत बसतो?" मी विचारलं.

"बसतो. बसणं वेगळं, फिरणं वेगळं," दुकानदार म्हणाला. "तुमची चाकं लोखंडी की मिश्रधातूची?"

"लोखंडी. मूळचीच."

"मग बघून घ्या. त्या काळातल्या लोखंडी चाकांत दोन सारखी निघाली तर माझ्या नावाने लाडू वाटा. कुणाची कड आत आलेली, कुणाची बाहेर."

मामाने लहान खोकं पुढे ओढलं. "हे घे. लोखंडाचा कॅलिपर कधी दगा देत नाही."

मी वही काढली. गाडी आणि आई मिळून साडेसातशे किलो. उंची सहाशे वीस मीटर. वरून खाली येताना गमावायची ऊर्जा साडेचार दशलक्ष ज्यूलच्या वर. त्यातली निम्मी इंजिन आणि वारा मिळून खातील असं धरलं. उरलेल्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन चाकांवर. लहान डिस्कचं वजन तीन किलो. वाऱ्याने ती जराही निवली नाही असं मानलं, तर ती पाचशे ऐंशी अंशांनी तापते. मोठी डिस्क तीन किलो आठशे ग्रॅम. ती साडेचारशेच्या जरा वर.

"सव्वाशे अंशांचा फरक आहे, मामा."

"वाऱ्याने निवणारच नाही असं कसं?"

"निवेल. पण मी सगळ्यात वाईट परिस्थिती धरते आहे."

"सगळ्यात वाईट परिस्थिती धरायची तर माणसाने घरातून निघूच नये," मामा म्हणाला, पण खोकं त्याने मागे सारलं. माझ्या वहीपुढे तो नेहमीच गप्प बसायचा. मोठं खोकं आम्ही घेतलं. मला तेव्हा त्या निळ्या ड्रमशिवाय काही दिसत नव्हतं. भीतीला एका वेळी एकच गोष्ट दिसते.

मामाच्या वर्कशॉपमध्ये एक नियम आहे. फिरणारी वस्तू आणि स्थिर वस्तू यांच्यात तीन मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर तो नट आवळत नाही. "बेअरिंगमध्ये ढिलाई असते," त्याने मला बोटं मोजत सांगितलं. "रिम वळणावर वाकते. तापलं की सगळं फुगतं. आणि कुठून तरी एखादा खडा येऊन बसतो. या चौघांना जागा द्यायला नको?"

फट मोजायची त्याची पद्धतही त्याचीच. पोरं खेळतात ती रंगीत माती कॅलिपरच्या पाठीवर जाड थापायची, वर चाक चढवायचं, दोन नट लावून हाताने एक पूर्ण फेरा द्यायचा, आणि चाक उतरवून माती जिथे सगळ्यात पातळ दाबली गेली असेल तिथे पात्याने कापून व्हर्नियर मापपट्टीने मोजायची. जुनी रिम गोल नसते. पण मातीवरून सगळी रिम फिरून जाते, म्हणून मातीत उरते ती सगळ्यात कमी फट. पद्धत इतकी साधी आणि इतकी अचूक होती की मला मामाचा हेवा वाटला.

उजव्या चाकाची फट तीन पूर्णांक एक आली. मामाने मान डोलावली आणि तो लेथवर गेला. कुणाचा तरी पंपाचा दांडा तातडीचा होता. डावं चाक मी एकटीने केलं. हिरवी माती थापली, चाक चढवलं, फिरवलं, उतरवलं. माती एका जागी कागदासारखी झाली होती. मी ती कापली. व्हर्नियर लावला.

एक पूर्णांक सहा.

मी पुन्हा माती थापली. पुन्हा एक पूर्णांक सहा. चाक मागच्याशी बदलून पाहायला हवं होतं. चाक बदलून जमलं नाही तर लहान खोकं आणायला हवं होतं. आणि लहान खोकं म्हणजे पाचशे ऐंशी. मला आईचं मनगट दिसलं, कठडा दिसला, कठड्यापलीकडचं काहीच नसलेलं दिसलं. एक पूर्णांक सहा म्हणजे शून्यापेक्षा जास्तच की, असं कुणीतरी माझ्या डोक्यात म्हणालं. लागत नाही म्हणजे लागत नाही.

"किती आलं गं?" लेथच्या आवाजावरून मामा ओरडला.

"तीनला टेकतंय."

"टेकतंय म्हणजे? आहे की नाही?"

"आहे. तीन."

"तू सांगतेस म्हणजे तीन," मामा म्हणाला आणि हात पुसत आला. त्याने टॉर्क पान्याने चारही नट आवळले, एकेक करून, प्रत्येक वेळी पाना 'कट्' म्हणेपर्यंत. मी मातीची गोळी करून मुठीत दाबली. उमटलेला आकार गेला.

मामाने गाडी सपाटीवर चार किलोमीटर फिरवून आणली. आवाज नाही, थरथर नाही. "पाय ठेवला की भिंतीला टेकल्यासारखी थांबते," तो म्हणाला. आईने स्वतः चालवून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती असं सहसा करत नाही. मला हसता आलं नाही.

आयुष्यात मी एकही मोजमाप बदललं नव्हतं. प्रयोगशाळेत बाकीची मुलं आलेख सरळ यावा म्हणून एखादा ठिपका पुसायची, मी पुसला नव्हता. आणि पहिल्यांदा पुसला तो आईच्या चाकातला. रविवारभर मी स्वतःला समजावत होते, आणि जेवढं समजावत होते तेवढा तो आकडा मोठा होत होता. फट तेवढीच होती.

सोमवारी सकाळी मी आईच्या शेजारी जाऊन बसले.

"तू कुठे?"

"खाली काम आहे. लायब्ररीत."

"लायब्ररी अकराला उघडते."

"बाहेर बसेन."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. लहानपणानंतर मी आईबरोबर हा रस्ता सकाळी कधी उतरलेच नव्हते. सुट्टीत यायची ती बसने.

पहिली पिवळी पाटी आली. उतार सुरू झाला. आईने क्लच दाबला, गिअरचा दांडा मधोमध आणला आणि पाय क्लचवरून काढून घेतला. इंजिनचा आवाज एकदम खाली बसला. डबी नुसती घरंगळायला लागली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती. माझ्या वहीत निम्मी ऊर्जा खाणारं इंजिन त्या रस्त्यावर कधीच नव्हतं. साडेचारशेच्या जागी नऊशे. वाऱ्याने त्यातलं कितीही कमी केलं तरी सगळ्याचा भार त्या दोन तबकड्यांवर. 'हँडब्रेक ओढला, गिअर टाकला.' तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गिअर टाकला, म्हणजे आधी टाकलेला नव्हता. आकडा असता तर मी लिहून घेतला असता. हा नुसता शब्द होता.

"आई, गिअर घाल."

"उताराला? कशाला इंजिन बोंबलायला लावायचं?"

"घाल ना."

"अगं, ब्रेक बघ कसे झालेत. लोण्यात सुरी. तूच केलेस आणि तूच घाबरतेस."

दुसरं वळण, तिसरं. पेडल खरंच घट्ट होतं, आई खूश होती, आणि ती आधीपेक्षा जास्त वेगाने वळणापर्यंत जाऊन जास्त उशिरा ब्रेक मारत होती. नव्या ब्रेकवर तिचा विश्वास बसला होता. मी सीटची कड धरली.

चौथं वळण उजवीकडे वळतं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो. वळणाच्या मध्यावर माझ्या पायाखालून बारीक आवाज आला. नखाने पत्रा खरवडल्यासारखा. रस्ता सरळ झाला, आवाज थांबला.

"काय गं ते?" आईने विचारलं.

"काही नाही. खडा असेल."

चाकाबद्दलचं माझं हे दुसरं खोटं. पहिल्याला तरी विचार करायला वेळ होता.

पाचवं वळण डावीकडचं, तिथे काही नाही. सहाव्यावर पुन्हा तो आवाज, आणि या वेळी लांब. माझं डोकं भीतीतही आकडे करत होतं, किंबहुना भीतीमुळेच करत होतं. चाकाचा घेर सुमारे दीड मीटर. साठ मीटरचं वळण, म्हणजे चाळीस फेरे. प्रत्येक फेऱ्याला कॅलिपरची पाठ रिमला चाटून जाते. रिमचा पत्रा अडीच मिलिमीटर. प्रत्येक वेळी किती पातळ होत असेल? हे मला माहीत नव्हतं. आणि तापून कॅलिपर फुगतोय, लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम दुप्पट फुगतं, आणि मी तोच देखणा निवडला होता. रिम कापली गेली की टायरची हवा एका झटक्यात जाते. पुढचं डावं चाक, उजवं वळण, बाहेरच्या बाजूला कठडा.

भाजलेल्या धातूचा वास गाडीत आला.

"आई, थांब."

"आठव्याच्या पुढे जागा आहे थांबायला."

"त्याच्या आधी थांब. आत्ता. हळूहळू. उजवीकडे कापू नकोस."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. आईने लगेच ब्रेक दाबला, सातव्या वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूला पाण्याच्या चराशेजारी गाडी लावली, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि एक मोठा दगड आणून मागच्या चाकाला लावला. मग दोघी डाव्या चाकापाशी उकिडव्या बसलो. चाकाजवळ तोंड नेलं तर इस्त्रीसारखी धग लागत होती. चाकाच्या भोकांतून मोबाइलचा दिवा मारला. रिमच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद चकचकीत पट्टा उमटला होता, आणि कॅलिपरच्या पाठीवर चांदीसारखा भुगा.

आई बराच वेळ बघत राहिली.

"तीन मिलिमीटर एवढ्यात जातात होय गं?"

"तीन नव्हते."

"मग?"

"एक पूर्णांक सहा."

"बाळ्याला माहीत होतं?" मामाला ती बाळ्या म्हणते.

"नाही. त्याला मी तीन सांगितले."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, फोन काढला आणि दवाखान्यात लावला. "काउंटर उशिरा उघडेल आज. नाही, मी बरी आहे. गाडीला बरं नाही. साखरेच्या गोळ्यांसाठी ते आजोबा येतील, त्यांना डावीकडच्या कपाटातून दे, वरचा खण." फोन ठेवून ती चराच्या कठड्यावर बसली. मी उभीच राहिले.

"का?" तिने विचारलं.

"लहान डिस्क जास्त तापली असती. मला वाटलं परत ब्रेक जातील."

"म्हणजे मी मरेन म्हणून घाबरलीस, आणि मरायची सोय केलीस."

 त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

मग मीच विचारलं, "तू रोज अशीच येतेस? न्यूट्रलमध्ये?"

"रोज. ज्याने मला गाडी शिकवली त्याने हेच शिकवलं. उताराला पेट्रोल जाळणारा तो मूर्ख."

"मागच्या महिन्यात ब्रेक गेले, तेव्हापण?"

"तेव्हापण."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?" आई म्हणाली. "ड्रम उघडून बघितलास, नकाशा बघितलास, वहीत लिहिलंस. मी समोर चहा पीत बसले होते. मला एकदा तरी विचारलंस, आई, तू उतरतेस कशी?"

वरून एक ट्रक आला. दुसऱ्या गिअरमध्ये, कण्हत, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. तो पुढे गेला. आई त्याच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहिली.

"तो ब्रेकवर पायही देत नाहीये," ती म्हणाली.

"इंजिनच धरून ठेवतंय त्याला. आणि उताराला गिअरमध्ये असताना पेडलवरून पाय काढला तर पेट्रोल फारसं जातही नाही. जे थोडं जातं ते ब्रेक जाळण्यापेक्षा स्वस्त."

"हे आधी सांगायचंस." मग तिचं तिलाच हसू आलं, फार नाही. "चल. आता काय करायचं ते सांग. आणि आकडा खरा सांग."

खाली अजून आठ वळणं होती. वर सहा. वर जायला ब्रेक लागत नाहीत, डिस्क तापणार नाही, आणि चालण्याच्या वेगाने वळलं तर रिमवर भारही येणार नाही. मी तसं सांगितलं. घासणार नाही अशी खात्री आहे का, तिने विचारलं. नाही, मी म्हटलं. शक्यता कमी आहे, एवढंच. पाऊण तास आम्ही चाक निवायची वाट बघितली. मग मी रस्त्यात उभी राहून वरची-खालची वाहनं थांबवली आणि आईने सहा वेळा मागेपुढे करून डबी वळवली. पहिल्या गिअरमध्ये आम्ही वर निघालो. प्रत्येक उजव्या वळणाला मी कान चाकाकडे लावत होते. एकदाच, अगदी बारीक, कुजबुजल्यासारखं वाजलं. आईचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. ती घाबरलेली मी पहिल्यांदा बघत होते, आणि ती भीती तिला मी दिली होती.

मामा लेथवर होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि त्याने मशीन बंद करायच्या आतच म्हटलं, "डाव्या चाकाची फट एक पूर्णांक सहा होती. मी खोटं सांगितलं."

लेथ हळूहळू थांबत गेला. मामाने चाक उतरवलं, तो पट्टा पाहिला, त्यावरून नख फिरवलं. माझ्यावर तो कधी ओरडलेला नाही, तेव्हाही ओरडला नाही.

"ताईच्या चाकाचे नट मी आवळले," तो म्हणाला. "तुझ्या तोंडच्या आकड्यावर."

"हो."

"काही झालं असतं तर हा हात मी कुठे ठेवला असता?"

आई दाराशी उभी होती. "पुरे रे. ती आकड्यात चुकली, मी गिअरमध्ये चुकले. तू कशात चुकलास ते शोध, म्हणजे तिघं सारखे होऊ."

"मी माती बघितली नाही," मामा म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

मोठी डिस्क आणि तो देखणा कॅलिपर परत खोक्यात गेले. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा शोधत लहान खोकं दिलं आणि कॅलिपरवरचा ओरखडा पाहून काही विचारलं नाही. त्याने असे पुष्कळ पाहिले असावेत. खरवडलेलं चाक मामाने कापून भंगारात टाकलं, कुणी चुकूनही वापरू नये म्हणून, आणि त्याच्या जागी स्टेपनी घेतली. लहान कॅलिपरवर मी पुन्हा माती थापली. मामा शेजारी उभा होता, पण छताकडे बघत. मी मोजलं. पाच पूर्णांक चार. तो वाकला, स्वतः मोजलं, आणि मातीचा तुकडा फळीवर ठेवून दिला. "राहू दे इथेच," म्हणाला. उजव्या चाकालाही तसंच केलं.

मंगळवारी आणि बुधवारी आईला मी सपाटीवर नुसते गिअर खाली आणायचा सराव करायला लावला. एवढ्या वर्षांनी विद्यार्थी झाल्याचा तिला राग येत होता. "दुसऱ्यात एवढी किंचाळते, इंजिन फुटेल," ती म्हणायची. नाही फुटत, मी म्हणायची, आणि मग किती फेऱ्यांपर्यंत फुटत नाही ते सांगायची, खरं तेच.

गुरुवारी ती एकटी निघाली. मला तिने गाडीत बसू दिलं नाही. "तू शेजारी असलीस की परीक्षा दिल्यासारखं होतं. आणि मी नापास झाले तर निदान तू तरी वर हवीस."

"असं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत."

मी पहिल्या पाटीपर्यंत चालत गेले आणि कठड्यापाशी उभी राहिले. डबीचा आवाज उंच, कुरकुरता, दुसऱ्या गिअरमधला होता. पहिलं वळण, दुसरं. डोंगराआड गेला की आवाज बुजायचा आणि पुन्हा वर यायचा.  लहान डिस्क. पाचशे ऐंशी, पण आता निम्मी ऊर्जा खरंच इंजिन खातंय, आणि वारा आहे. किती वारा, ते माझ्या वहीत नव्हतं. सातव्या वळणानंतर आवाज बुजला.

आणि पुन्हा आलाच नाही.

मी घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद. चाळीस. डोंगराची सोंड मधे असेल. वारा उलटा असेल. तिने सवयीने दांडा मधे आणला असेल. मिनिट झालं. खालून दुसरी कुठली गाडी हॉर्न वाजवत गेली, डबी नाही. माझा पाय कठड्यावर चढलेला होता. कधी चढला कळलं नाही. फोन लावावा तर ती गाडी चालवताना उचलत नाही, आणि वाजला तर तिचं लक्ष जाईल. न लावावा तर.

फोन वाजला.

"नवव्यापाशी थांबलेय," आई म्हणाली. मागे पाण्याचा आवाज येत होता. "तू आकडे विचारशील आणि माझ्याकडे ताप मोजायचं यंत्र नाही. म्हणून बाटलीतलं पाणी शिंपडलं. दोन थेंब, डिस्कवर, भोकातून. तव्यावर बघतो ना, तसं."

"मग?"

"चुरचुरतंय. पण थेंब उड्या मारत नाहीयेत. लगेच आटतायत."

मी डोळे मिटले. थेंब उडी मारायला लागतो तो दोनशेच्या वर, वाफेच्या गादीवर. चुरचुरून आटतो म्हणजे शंभराच्या वर, दोनशेच्या खाली. नऊ वळणांनंतर. डिस्क दाबणाऱ्या पॅडना यात काहीच जड नव्हतं.

"घासल्याचा आवाज?"

"नाही. इंजिन तेवढं शिव्या देतंय."

"कुठल्या चाकावर शिंपडलंस?"

"डाव्या."

"उजव्यावरही बघ."

"अगं, काउंटरवर माणसं थांबलीत."

"आई, बघ."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला, मग तिच्या चपलांचा, गाडीला वळसा घालून जाणारा. मग बराच वेळ काहीच नाही. मी फोन कानाला दाबून धरला होता. पावलं परत आली.

"तसंच," आई म्हणाली. "चुरचुरतंय आणि आटतंय. जाऊ?"

खाली पाच वळणं उरली होती. मी आकडे पुन्हा एकदा मनात मांडले, त्यातला एकही वर ढकलला नाही, खाली ओढला नाही, आणि जे उरलं ते सांगितलं.

"जा. दुसऱ्यातच."